रिमिक्स ऐका, पण बिनधास्त!

रविवारची संध्याकाळ. हर्सूल तलावाचा काठ. कानात इअरफोन आणि त्यात धडाधड बीट्सवर 'ढगाला लागली कळ'! बॉस, आठवडाभराचा चिकलठाणा एमआयडीसीचा शीण एका मिनिटात खल्लास. शेजारी आई बसली होती. एक इअरफोन तिच्या कानात घातला. दोन ओळी झाल्या नाहीत तोच ती म्हणाली, ''अरे, उषाताई गायलेल्या अन् हा कोण मधीच ओरडायलाय?''

ओरडत होता तो डीजे. स्वतःचंच नाव. फाइलवरही तेवढंच नाव.

आईने 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' तंबूत बघितलेला, दादा कोंडकेंचा १९७८ चा सिनेमा. संगीत राम-लक्ष्मण, आवाज उषा मंगेशकर आणि महेंद्र कपूर. माझ्या मोबाइलमध्ये यातलं एकही नाव नव्हतं. गाणं आलं होतं मित्राच्या पेनड्राइव्हमधून. नवरात्रात हरसिद्धी देवीच्या यात्रेला निघालो होतो, त्याने दोनशे रिमिक्स एका फटक्यात कॉपी करून दिली. फुकट! तेव्हा काहीच वाटलं नाही. आता मात्र खटकलं. म्हणून थोडं खोदकाम केलं.

एका गाण्याला दोन कुलपं

गाण्यात हक्क दोन असतात. एक रेकॉर्डिंगचा, दुसरा शब्द आणि चालीचा. आपल्याकडे रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९७८ चं रेकॉर्डिंग २०३८ संपेपर्यंत कुलूपबंद. चालीचा हक्क संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. राम-लक्ष्मण जोडीतले विजय पाटील २०२१ मध्ये गेले, म्हणजे थेट २०८१! 'जुनं गाणं आहे, कोण विचारतंय?' हा फंडा इथेच फसतो. याच गाण्याच्या नव्या अवताराने २०१९ मध्ये 'ड्रीम गर्ल' या हिंदी सिनेमाच्या निर्मात्यांना दिल्ली उच्च न्यायालयाची पायरी चढायला लावली. दावा केला होता सारेगामा कंपनीने.

आणि प्रश्न फक्त कंपन्यांचा नाही. २०१२ मध्ये कायदा बदलला आणि थिएटरबाहेर गाणं वाजलं की गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा मिळालाच पाहिजे, असं ठरलं. पेनड्राइव्हमधून वाजलेल्या गाण्याचा वाटा कोणाला? शून्य.

मग ऐकायचं कसं?

टेन्शन नको. अगदी सोपं आहे.

* आधी म्युझिक ॲपवर किंवा कंपनीच्या चॅनेलवर शोधा. बऱ्याच गाण्यांची अधिकृत रिमिक्सही मिळतात.
* चाहत्याने केलेलं रिमिक्स हवंय? यूट्यूबवर ऐका. तिथली यंत्रणा मूळ गाणं ओळखू शकते. मग हक्कदार ते काढायला लावतो, नाहीतर राहू देतो आणि जाहिरातीचे पैसे स्वतः घेतो.
* फुकट डाउनलोडच्या साइट्स आणि मेमरी कार्ड भरून देणारी दुकानं, दोन्हींना लांबूनच नमस्कार.
* स्वतः रिमिक्स करताय? घरी स्वतःपुरतं वाजवणं वेगळं आणि ते अपलोड करणं वेगळं. अपलोडला परवानगी लागते.
* आणि हो, वरातीत गाणं वाजवायला कायद्याने सूट दिलीय. नाचा बिनधास्त!

पुढच्या रविवारी पुन्हा तलावावर गेलो. दोनशेच्या दोनशे फाइल्स उडवल्या होत्या. तेच रिमिक्स यूट्यूबवर लावलं. खाली मूळ गाण्याचं आणि गायकांचं नाव होतं. आईने चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं. मग इअरफोन काढून माझ्या हातात ठेवला.

''नावं आली ते बरं झालं. आता त्या ओरडणाऱ्याला गप कर, अन् खरं गाणं लाव.''

लावलं. यार, तेही सही होतं!