कामांची यादी कुणाच्या वहीत?

मंडळी, ॲरिस्टॉटलचा एक प्रश्न तुम्हाला ठाऊक असेल. चांगलं काय ते कळतं, तरी माणूस ते करत का नाही? आज या प्रश्नाकडं मी संगणकाच्या वाटेनं जाणार आहे. हसा खुशाल, पण ऐका.

आधी एक शब्द साफ करू. इंग्रजीत 'फ्री' म्हटलं की फुकट आणि मुक्त असे दोन्ही अर्थ निघतात. १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनला हा घोळ वर्षानुवर्षं निस्तरावा लागला. आपल्याला ती अडचण नाही. मोफत वेगळं, मुक्त वेगळं. मुक्त म्हणजे हवं तसं वापरा, आतून कसं चालतं ते बघा, बदला, दुसऱ्याला द्या. त्याचे पैसे घेतले तरी हरकत नाही.

निवृत्तीनंतर मी कामांची यादी मोबाईलवरच्या एका मोफत ॲपमध्ये ठेवायचो. कंपनीनं ते बंद केलं आणि तीन वर्षांच्या नोंदी गेल्या. आपल्या विट्याची गलाईवाली माणसं देशभर दुकानं चालवतात. त्यांच्यातला कुणी आपली वजनाची वही परक्याच्या कपाटात ठेवील का? मी तेच केलं होतं.

मग एका जुन्या विद्यार्थ्यानं 'ऑर्ग मोड' लावून दिलं. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञानं २००३ मध्ये ते लिहायला घेतलं. ते 'इमॅक्स' या मुक्त संपादकात चालतं. ओळीच्या सुरुवातीला चांदणी, पुढं 'टुडू', मग काम. संपलं की 'डन'. हे शब्दही बदलता येतात, माझ्याकडं 'करायचं' आणि 'झालं' आहेत. कामाला बसताना घड्याळ चालू करायचं, उठताना बंद. दोन्ही वेळा त्या कामाखालीच लिहिल्या जातात, वजाबाकी तेच करतं, आणि महिनाअखेर कोष्टक मागितलं की तासांचा हिशोब समोर येतो. फाईल साध्या मजकुराची, त्यामुळं ती कुठंही उघडते. शिकायला मात्र अवघड आहे, खोटं कशाला सांगू? बोटांना वळण लागायला मला दोन महिने लागले.

पहिल्या महिन्याचं कोष्टक आलं. चार्वाकावर पुस्तक लिहितोय असं मी भेटेल त्याला सांगत होतो. महिन्यात त्यावर सहा तास! वर्तमानपत्रावर एकतीस. बायकोला दाखवलं, तर ती म्हणाली, "हे मी कधीचं सांगतेय, त्याला यंत्र कशाला लागतं?" ॲरिस्टॉटल म्हणतो, कळतं पण वळत नाही. माझ्या बाबतीत कळतही नव्हतं. मी लिहितोय अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

परवा यंत्रमागावरच्या एका तरुणानं विचारलं, "सर, तासांची नोंद म्हणजे मालकाचं पाळत ठेवणंच ना?" प्रश्न रास्त आहे. मालकाच्या फाईलमधली नोंद तुमच्यावर हुकूम चालवते, आणि तीच नोंद तुमच्या फाईलमध्ये असली की जादा पाळीच्या पैशासाठी भांडायला पुरावा होते. म्हणून फाईल कुणाच्या ताब्यात आहे ते आधी बघायचं. त्याला मी 'ऑर्गझ्ली' दाखवलं. तेही मुक्त आहे, याच फाईली अँड्रॉइड फोनवर उघडतं. पाळीच्या सुरुवातीची आणि शेवटची वेळ तो आता स्वतः टिपतो. रविवारी तो इथं येतो, तेव्हा ती फाईल आम्ही दोघं बघतो, आणि माझीही.