हिरे शोधले यू मुंबाने, मिरवले दुसऱ्यांनी

प्रो कबड्डीचा पहिलाच सामना आमच्या यू मुंबाने मारला होता. तारीख 26 जुलै 2014, मैदान वरळीचं एनएससीआय, समोर जयपूर पिंक पँथर्स आणि निकाल 45-31. सातासमुद्रापार नव्हे, रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर हे घडलं आणि परभणी, पूर्णा, सेलू, जिंतूरकडची कबड्डीवेडी पोरं त्या दिवसापासून नारिंगी जर्सीची झाली. ती अजून नारिंगीच आहेत. संघ मात्र तिसऱ्या हंगामानंतर एकदाही अंतिम सामन्यात पोहोचलेला नाही. असं का झालं? उत्तर मैदानात कमी आणि लिलावाच्या टेबलावर जास्त सापडतं.

तीन फायनल, एक करंडक

पहिल्या तिन्ही हंगामांत यू मुंबा अंतिम फेरीत होती. 2014 मध्ये जयपूरने 35-24 असं हरवलं. 2015 मध्ये घरच्या मैदानावर बेंगळुरू बुल्सला 36-30 असं लोळवून करंडक मिळाला. मार्च 2016 मध्ये पाटणा पायरेट्सने 31-28 असा हिसकावला, फक्त तीन गुणांनी. त्या संघाचा कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा, पण महाराष्ट्राने त्याला घरचाच मानला. बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून शांतपणे परतणारा असा चढाईपटू मी दुसरा पाहिला नाही. पहिल्या हंगामात त्याने एकट्याने चढाईचे 155 गुण घेतले होते.

आणि हाच अनुप 2019 मध्ये प्रशिक्षक म्हणून कुठे बसला? पुणेरी पलटणच्या बाकावर! मुंबईच्या चाहत्याला याहून मोठा धक्का कोणता असणार?

दोन कोपरे गेले आणि घर उघडं पडलं

कबड्डीत चढाईपटू टाळ्या घेतो, सामना मात्र कोपरारक्षक जिंकून देतात. पहिल्या हंगामांत यू मुंबाचे दोन कोपरे होते मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा. एकाने घोटा धरला की दुसरा अंगावर येणार, हे समोरच्या चढाईपटूला माहीत असायचं, तरी सुटता यायचं नाही. 2016 च्या चौथ्या हंगामासाठी लिलाव झाला. बेंगळुरूने मोहितला 53 लाखांना उचललं आणि तो त्या हंगामातला सर्वांत महागडा खेळाडू ठरला. नाडाही बेंगळुरूत गेला. जोडीच्या जोडी दुसऱ्याच्या अंगणात!

त्याच हंगामात यू मुंबाचा इराणी बचावपटू फझल अत्राचली पाटण्याकडे गेला आणि पाटणा विजेता झाला. माझ्या मते यू मुंबाची उतरण तिथेच सुरू झाली. चढाईपटू बदलता येतो. एकमेकांच्या श्वासावर चालणारी कोपऱ्यांची जोडी बाजारात विकत मिळत नाही, ती वर्षानुवर्षं एकत्र खेळूनच तयार होते.

पहिला कोटीचा गडी

फझलची गोष्ट इथे संपत नाही. 2018 च्या लिलावात यू मुंबाने त्याला परत आणलं, 1 कोटी रुपये मोजून. प्रो कबड्डीत कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला खेळाडू, आणि पैसा वसूल! 2019 च्या सातव्या हंगामात तो स्पर्धेतला सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि संघ उपांत्य फेरीत गेला. तिथे बंगाल वॉरियर्सने 37-35 असं हरवलं आणि पुढे करंडकही त्यांनीच नेला. दोन गुण! त्या सामन्याची आठवण आजही टोचते.

2022 मध्ये फझल पुणेरी पलटणकडे गेला, 1 कोटी 38 लाखांना. मग गुजरात, मग बंगाल, मग दिल्ली. 2025 मध्ये दबंग दिल्लीने पुण्याला 31-28 असं नमवून करंडक जिंकला, तेव्हा दिल्लीच्या बचावात हाच फझल उभा होता. तीन वेगवेगळ्या संघांसोबत तीन करंडक. त्यातला पहिला यू मुंबाचा, हे आम्ही विसरू देणार नाही.

चंदगडचा वादळवारा

आता सगळ्यांत दुखरी जागा. सिद्धार्थ देसाई, गाव हुंदळेवाडी, तालुका चंदगड, जिल्हा कोल्हापूर. सहाव्या हंगामात यू मुंबाने या नव्या पोराला 36 लाख 40 हजारांना घेतलं. त्याने अवघ्या चार सामन्यांत चढाईचे 50 गुण ओलांडले आणि हंगाम संपवला 218 गुणांवर. उंचापुरा, दणकट, तिघांनी धरलं तरी मध्यरेषेकडे ओढत नेणारा. महाराष्ट्राचा पोरगा, महाराष्ट्राचा संघ, आणखी काय हवं होतं?

पुढच्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला 1 कोटी 45 लाखांना नेलं. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती. मुंबईने त्याला राखलं नाही. खजिन्याला मर्यादा असते हे मान्य. पण चाहत्यांना खेळाडूशी नातं जोडायला वेळ लागतो आणि इथे नातं जुळायच्या आत जर्सी बदलली.

आपलाच रिशांक, आपल्याच विरोधात

रिशांक देवाडिगा मुंबईचा, यू मुंबाच्या पहिल्या फळीतला. तो यूपी योद्धाकडे गेला आणि 2018 मध्ये त्याची बोली 1 कोटी 11 लाखांवर पोहोचली. त्याच वर्षी जानेवारीत त्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने हैदराबादला सेनादलाला हरवून वरिष्ठ राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं होतं. डिसेंबरमध्ये कोचीत बाद फेरी आली. यूपी विरुद्ध यू मुंबा, 34-29, यू मुंबा घरी. यूपीचा कर्णधार कोण? रिशांक! त्याच्यावर राग नाही, अभिमानच आहे. राग आहे तो त्याला जाऊ देण्याचा.

ही आग बेसबॉलमध्येही

अमेरिकेत बॉस्टन रेड सॉक्सने 1919 च्या डिसेंबरात बेब रूथ नावाचा खेळाडू न्यूयॉर्क यँकीजला 1 लाख डॉलरना विकला. रूथ बेसबॉलचा सर्वांत मोठा तारा झाला. बॉस्टनने 1918 मध्ये विजेतेपद मिळवलं होतं, पुढचं मिळालं थेट 2004 मध्ये. 86 वर्षं! तिथल्या चाहत्यांच्या कित्येक पिढ्या एका विक्रीला बोल लावत राहिल्या. बेसबॉलमध्ये संघ आपसांत खेळाडूंची सरळ अदलाबदल करतात. कबड्डीत बहुतेक व्यवहार लिलावातून होतो. दु:ख मात्र एकाच जातीचं.

साडेबारा लाखांवरून अडीच कोटींवर

2014 च्या पहिल्या लिलावात सर्वांत महागडा होता राकेश कुमार, पाटण्याने 12 लाख 80 हजार दिले होते. दहाव्या हंगामासाठी पवन सेहरावतवर तेलुगू टायटन्सने 2 कोटी 60 लाखांहून जास्त लावले. वीसपट वाढ, तीही दहा वर्षांच्या आत. इतका पैसा ओतून टायटन्स त्या हंगामात कितवे आले? बारावे, म्हणजे शेवटचे. यू मुंबानेही 2022 मध्ये गुमान सिंगवर 1 कोटी 21 लाख लावले आणि नववा क्रमांक पटकावला. पुढे गुजरातने त्याला 1 कोटी 97 लाखांना नेलं. एका चढाईपटूवर थैली रिकामी केली की बचावाला उरतं काय?

दहा, नऊ, दहा

आठव्या हंगामात दहावा, नवव्यात नववा, दहाव्यात पुन्हा दहावा. बारा संघांत यू मुंबाची ही तीन वर्षांची कमाई. अकराव्या हंगामाआधी व्यवस्थापनाने शहाणपणाचा सौदा केला. सुनील कुमारला 1 कोटी दीड लाखाला घेतलं. जयपूरला 2022 चा करंडक जिंकून देणारा हा कर्णधार मध्यरक्षक आहे. सोबत त्याचा जुना जोडीदार परवेश भैंसवाल. बचाव सावरला आणि संघ पाचवा आला. बाद फेरीत पाटण्याने रोखलं, तरी कित्येक वर्षांनी संघाला आकार आल्यासारखा वाटला. जोडी विकत घ्यायची तर अशी, एकत्र मुरलेली.

शेजारच्या पुण्याकडे बघा

पुणेरी पलटण पहिल्या दोन्ही हंगामांत आठ संघांत आठवी होती. मग त्यांनी युवा पलटण उभी केली, कोवळी पोरं हाताशी धरली आणि हरतानाही त्यांना खेळवलं. त्यातून अस्लम इनामदारसारखा अहिल्यानगर जिल्ह्यातला पोरगा कर्णधार झाला. दहाव्या हंगामात साखळीतल्या 22 सामन्यांपैकी पुण्याने फक्त 2 गमावले आणि 1 मार्च 2024 रोजी हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून करंडक उचलला. महागडा इराणी मोहम्मदरेझा शाडलुई होताच, 2 कोटी 35 लाखांचा. पण पाया पोरांचा होता. मुंबईच्या चाहत्याने पुण्याचं कौतुक करणं जिवावर येतं, तरी खरं ते खरंच.

आणि परभणी?

आमच्याकडे एक म्हण आहे, बनी तो बनी, नहीं तो परभणी. हरणाऱ्या संघाच्या मागे उभं राहायला हाच स्वभाव लागतो. गंगाखेड, पालम, सोनपेठ, मानवत, पाथरीच्या गावांत गडी मातीवर, अनवाणी खेळतात. प्रो कबड्डी खेळली जाते मॅटवर, बूट घालून. मातीत घट्ट रुतणारा पाय मॅटवर घसरतो, वळण बदलतं, पकडीची वेळ बदलते. राज्य अजिंक्यपद स्पर्धेत परभणीचा संघ उतरतो, पण मॅटवर रोज सराव करणाऱ्या मोठ्या जिल्ह्यांसमोर हा फरक जाणवतो. ताकद कमी नाही, सवय कमी आहे.

म्हणून यू मुंबाच्या मालकांना परभणीच्या एका चाहत्याची विनंती. निवड चाचणी मुंबईपुरती ठेवू नका, मराठवाड्यातही घ्या. आमच्या पोरांना दोन हंगाम मॅट द्या आणि ती चमकली की पहिल्याच लिलावात सोडून देऊ नका. आणि वाचकहो, तुमच्या तालुक्यात यंदा कबड्डीचे सामने लागले की मोबाईल खिशात ठेवा आणि मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहा. त्या पोरांना आवाज द्यायला माणसं हवीत.