वशिला, सनद आणि सोडत

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील ‘ओल्ड कोर्स’ या पुरातन गोल्फ-मैदानावर आयुष्यात एकदा तरी खेळून यावे, अशी मनीषा बोलून दाखवणारे आमचे स्नेही लागलीच ‘पण तिथे वशिला लागतो हो’ असे म्हणून त्या मनीषेचे स्वहस्ते विसर्जन करतात, आणि हे वाक्य ऐकून आमचे कान आता किटून गेले आहेत. कोणी लॉर्ड ओळखीचा नसेल तर त्या मैदानाच्या कुंपणाशीही कोणी उभे करणार नाही, असा हा समज. वस्तुतः त्या मैदानाला तसले कुंपणच नाही!

घोटाळा बहुधा छायाचित्रांमुळे झाला असावा. पहिल्या फटक्याच्या जागेमागे जी करड्या दगडांची भारदस्त इमारत दिसते ती १७५४ साली स्थापन झालेल्या ‘रॉयल अँड एन्शंट’ क्लबची. त्या क्लबाने स्त्रियांना सभासदत्व देण्याचा ठराव २०१४ साली केला, हे ध्यानी घेता त्याच्या सोवळेपणाची ख्याती अगदीच निराधार नव्हे. परंतु इमारत क्लबची म्हणून समोरची जमीनही क्लबची, हे अनुमान मात्र साफ चूक. समुद्रकाठच्या त्या वालुकामय गवताळ भूमीवर गोल्फ खेळण्याचा नगरवासीयांचा हक्क आर्चबिशप हॅमिल्टन यांच्या १५५२ च्या सनदेत नमूद आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस कर्जबाजारी झालेल्या नगरपालिकेच्या हातून ही जमीन गेली, तिच्यावर सशांची पैदास सुरू झाली, आणि ससेवाले विरुद्ध गोल्फवाले असा दावा वर्षानुवर्षे चालला. १८२१ साली जेम्स चीप या जमीनदाराने ती विकत घेऊन खेळ वाचवला. पुढे १८९४ च्या कायद्यान्वये नगराने ती परत मिळवली आणि १९७४ च्या कायद्याने तिचा कारभार एका विश्वस्त मंडळाकडे सोपवला. सार्वजनिक मालकीचा याहून सज्जड दस्तऐवज आणखी कोणता हवा?

तेव्हा लागते ती सोडत, वशिला नव्हे. ज्या दिवशी खेळायचे त्याच्या दोन दिवस आधी नावे द्यावीत. दोघे ते चौघे मिळून अर्ज करता येतो आणि एकट्या खेळाडूसाठी निराळी सोय आहे. हँडिकॅपचे प्रमाणपत्र मात्र जवळ असावे. ज्यांच्याने सोडतीचा भरवसा धरवत नाही त्यांनी पुष्कळ महिने आधी आगाऊ नोंदणी करावी. आणि सोडतीवरच जाणाऱ्याने त्या गावी एकच रात्र मुक्काम न ठेवता चार-पाच दिवस हाताशी ठेवावेत, कारण चिठ्ठी एका दिवशी निघाली नाही तर दुसऱ्या दिवशी निघण्याचा संभव राहतो. यंत्रगाडीत बसून मैदान पालथे घालू, असे म्हणणाऱ्यांनी वैद्यकीय कारण नसल्यास पायांना सवय लावावी.

‘सपाट तर आहे, त्यात अवघड काय?’ हाही एक प्रश्न वारंवार कानी येतो. वाळूचे ११२ खड्डे, त्यांतले कित्येक फटका मारणाऱ्याच्या दृष्टीआड, आणि वर समुद्राचा लहरी वारा. १९७८ साली जपानच्या नाकाजिमाने सतराव्या होलच्या हिरवळीवरून हळुवार ढकललेला चेंडू घरंगळत ‘रोड’ खड्ड्यात गेला आणि तो होल पुरा करावयास त्यास नऊ फटके लागले. १९९५ साली प्रत्यक्ष जॅक निक्लॉस ‘हेल’ नामक खड्ड्यात अडकला व चौदाव्या होलवर दहा फटके मोजून बसला. उलट २००० साली टायगर वुड्सने चारही फेऱ्यांत एकाही खड्ड्यात चेंडू जाऊ दिला नाही, आणि स्पर्धा जिंकली.

राहता राहिला रविवार. ‘सुट्टीच्या दिवशी जाऊन खेळू’ असा बेत आखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की मोठ्या स्पर्धांचे अपवाद वगळता रविवारी तिथे खेळ बंद असतो, आणि गावातली मंडळी मुलाबाळांसह, कुत्र्यांना घेऊन, त्या मैदानावर खुशाल फिरत असतात. ज्यांचे नाव सोडतीत निघाले नाही त्यांनीही त्या दिवशी जावे, स्विल्कन ओढ्यावरचा तो लहानसा दगडी पूल ओलांडावा आणि निक्लॉसचे चार फटके गिळणाऱ्या त्या खड्ड्याच्या काठावर उभे राहून आत डोकावून पाहावे; त्यास ना शुल्क पडते, ना कोणाची चिठ्ठी लागते.