लिहून घेणाऱ्याचा वेग

मानवतच्या कापूस बाजारात मापाडी वजन पुकारतो आहे आणि दुसरा ते लिहून घेतो आहे, अशी कल्पना करू. येथे वेग ठरतो लिहिणाऱ्याच्या हातावर. दोन मायक्रोकंट्रोलर एसपीआय पद्धतीने जोडले की असेच घडते. घड्याळाचे ठोके देणारा तो मास्टर, त्या ठोक्यांवर चालणारा तो स्लेव्ह.

आर्डुइनो उनोवरील एटीमेगा ३२८पी ही चिप १६ मेगाहर्ट्झवर चालते. मास्टर म्हणून ती ८ मेगाहर्ट्झचे ठोके देऊ शकते. स्लेव्ह म्हणून मात्र तिची मर्यादा ४. असे का? बाहेरचा ठोका तिच्या स्वतःच्या ठोक्यांशी जुळलेला नसतो. तो निसटू नये म्हणून त्याची उच्च आणि नीच अवस्था प्रत्येकी तिच्या दोन ठोक्यांहून अधिक टिकावी लागते. दोन अधिक दोन चार. म्हणून १६ भागिले ४.

शिवाय ४ मेगाहर्ट्झला ८ बिटांचा एक बाइट २ मायक्रोसेकंदांत येतो. तेवढ्यात स्लेव्हचे फक्त ३२ ठोके होतात. आधीचा बाइट उचलायला प्रोग्रामला एवढीच सवड! ती अपुरी पडली तर आकडे गळतात आणि मास्टरला पत्ताही लागत नाही.

विद्यार्थ्यांकडून ० ते २५५ हे आकडे सलग पाठवून घ्या. १२५ किलोहर्ट्झपासून वेग दुप्पट करत न्या. पहिला आकडा कोठे हरवतो, ते त्यांनाच शोधू द्या.