काटा खरं बोलला पाहिजे

पद्मिनी मोटारीच्या वेग दाखवणाऱ्या मीटरचा काटा चाळीस आणि साठच्या मध्ये नाचू लागला की मालक नवं मीटर शोधायला निघतो. जाणता मीटरवाला मात्र मीटरला लगेच हात लावत नाही. तो आधी केबल सोडवतो. गिअरबॉक्सपासून डॅशबोर्डपर्यंत जाणारी ही पीळदार तार कोरडी पडली किंवा कुठे जास्त वाकली, की अडकत-सुटत फिरते. ती ओढून काढायची, पुसायची, खालच्या भागाला बेतानं ग्रीस लावायचं. वरचा वीतभर भाग कोरडाच ठेवायचा, कारण फिरती तार ग्रीस वर चढवते आणि ते मीटरमध्ये शिरलं की दुसरं दुखणं मागे लागतं.

मीटरच्या पोटातली करामत जर्मनीच्या ओटो शुल्त्से यांची, पेटंट १९०२ चं. केबल एक लोहचुंबक फिरवते. चुंबकाला न टेकता त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी बसवलेली असते. चुंबक फिरला की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि ती त्याच्या दिशेनं ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. दोन्ही ओढी जिथे तुल्यबळ होतात तिथे काटा थांबतो. एरवी ॲल्युमिनियमला चुंबक चिकटतही नाही, म्हणून मला याचं आजही नवल वाटतं.

वयानुसार चुंबक दुबळा होतो आणि काटा वेग कमी दाखवू लागतो. जुनं ग्रीस घट्ट झालं तर उलट होतं : वेग जास्त दिसतो, आणि गाडी थांबली तरी काटा शून्यावर यायला रेंगाळतो.

हे दोष काढायला मीटर उघडून काटा उपसावा लागतो, पण त्याआधीचं एक काम घाईत राहून जातं. शून्यापाशी काट्याला अडवणारी बारीक खुंटी असते. काटा तिच्यावरून अलगद पलीकडे सोडायचा आणि तो स्वस्थ थांबेल तिथे पेन्सिलीनं खूण करायची. स्प्रिंगची खरी विश्रांतीची जागा ती. तबकडीवर पुठ्ठा ठेवून, दोन चमच्यांच्या टोकांनी काटा सरळ वर उचलायचा. परत बसवताना ही खूण चुकली, तर प्रत्येक वेगाला मीटर खोटं बोलणार.

मग जुळवणी. समजा, मीटर किलोमीटरमागे केबलच्या १००० फेऱ्यांवर बेतलेलं आहे. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणून केबल मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरवली की काटा साठावर आला पाहिजे. नाही आला तर स्प्रिंगचा ताण किंचित बदलायचा. त्यानं भागलं नाही तर विजेच्या वेटोळ्यानं चुंबकाचा जोर वाढवायचा किंवा उतरवायचा. शेवटची परीक्षा रस्त्यावर. काटा साठावर धरला तर किलोमीटरच्या लागोपाठच्या दोन दगडांमध्ये ६० सेकंद लागावेत, पंचेचाळीसला ८०. टायर मूळ मापाचे नसतील तर हा हिशेब बिघडतो. मोठ्या टायरवर गाडी मीटर दाखवतं त्याहून वेगानं धावत असते.

पेट्रोलचा काटा मेला असेल तर बहुधा दोष टाकीतल्या फ्लोटचा किंवा गंजलेल्या अर्थच्या जोडणीचा असतो. हेडलाइट लावल्यावर सगळेच काटे हलले, तर ती अर्थची जोडणीच तपासावी.

मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिनी अजून जिव्हाळ्यानं सांभाळल्या जातात, आणि त्या विकतानाच मीटरवाल्याची कसोटी लागते. मीटर उघडंच आहे, तर किलोमीटरचे आकडेही थोडे मागे घ्या, अशी मागणी होते. ती करू नका. मीटरमधलं आकड्यांचं चाक तुटल्यामुळे आकडा बदलावाच लागला, तर जुना आकडा आणि तारीख लिहून तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवा, आणि गाडी विकताना घेणाऱ्याच्या हातात द्या.