भुकटीचा रंग

डोंबिवलीतल्या जुन्या इमारतीत ड्रिल मशीन लावलं की फरशीवर तांबडी भुकटी पडते. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये ती राखाडी असते, तर कुठे पांढरट, रांगोळीसारखी मऊ. जाणता सुतार आधी ती भुकटी बघतो, मग खिशातून गिट्टी काढतो.

गिट्टी म्हणजे स्क्रूच्या आधी भोकात ठोकायची प्लास्टिकची नळी. विदर्भात गिट्टी मागितली तर खडी मिळेल! दुसरं नाव ‘रावल प्लग’. हा रावल कुणी गुजराती शेटजी असावा असं मला कित्येक वर्षं वाटायचं. निघाला इंग्रज. जॉन रॉलिंग्ज या कंत्राटदाराला ब्रिटिश म्युझियमच्या भिंती न फोडता विजेची फिटिंग बसवायची होती. तोवर भिंत खणून लाकडी गुटका बसवण्याची रीत होती. त्याने तागाच्या धाग्यांची घट्ट नळी केली आणि १९११च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. १९५८मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशरने ती नायलॉनची केली.

लाकडात स्क्रूचे आटे तंतूंमध्ये रुततात. विटेत, काँक्रीटमध्ये तंतूच नाहीत. तिथे साधा स्क्रू नुसता भुगा पाडतो. स्क्रू आत शिरताना गिट्टी फुगते आणि भोकाच्या कडांवर दाबून बसते. म्हणून सहा मिलिमीटरच्या गिट्टीला सहाचंच बिट लागतं आणि भोकातली भुकटी फुंकून काढावी लागते. हे फुंकणं आळसाने टाळलं जातं.

विटेच्या भिंतीत खरा दगा गिलाव्याचा. आमच्या पहिल्या घरात स्वयंपाकघरातली मांडणी ताटवाट्यांसकट पुढे झुकली होती. गिट्ट्या विटेपर्यंत पोचल्याच नव्हत्या, गिलाव्यातच फुगल्या होत्या. मांडणीचं वजन नुसतं खाली ओढत नाही, वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेरही खेचतं. ताटं जितकी भिंतीपासून पुढे, तितकी ही ओढ जास्त.

मायवान पद्धतीने, म्हणजे साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती पकड उत्तम देतात, पण सुताराचा घाम काढतात. हॅमर ड्रिल अचानक थबकलं तर समजावं सळई लागली. जोर न करता भोक थोडं सरकवावं. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली मात्र हात लावू नये, आत वायरींचे पाइप असतात. या भिंतीत गिट्टीशिवायही भागतं: कडक पोलादाचा काँक्रीट स्क्रू किंचित लहान भोकात स्वतःचे आटे कापत जातो.

पांढरट भुकटीची भिंत हलक्या ब्लॉकची, आपण सरसकट ‘सिपोरेक्स’ म्हणतो ती. मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड घालून वायूचे बुडबुडे फुलवतात, मग दाबाखालच्या वाफेत ते पक्कं करतात. इडलीची आठवण यावी असा प्रकार. इथे हॅमर बंद ठेवावा, नाहीतर भोक ऐसपैस होतं. खास लांब गिट्टी घ्यावी; भरलेल्या गीझरसाठी तर आरपार बोल्ट आणि पलीकडून पट्टी हाच बिनघोर उपाय.

डोंबिवलीच्या हार्डवेअरवाल्याला गिट्टी मागितली की तो विचारतो, ‘‘भिंत कसली आहे?’’ गिऱ्हाईक बहुधा रंग सांगतं.