दूरचित्रवाणी पटल
दूरचित्रवाणी ग्राहीला मिळालेल्या विद्युत् संकेतांचे दृश्य प्रतिमेत रूपांतर करणारा भाग. ही प्रतिमा असंख्य सूक्ष्म चित्रघटकांची (पिक्सेलांची) बनलेली असते. ग्राही विकत घेताना पटलाचा प्रकार व चित्रघटकांची संख्या यांची तुलना करतात. तथापि अधिक चित्रघटकांचा लाभ होईल की नाही, हे पटलाचा आकार व पाहण्याचे अंतर यांवर अवलंबून असते.

प्रकार : विसाव्या शतकातील बहुतेक ग्राहींत ऋण किरण नलिका वापरीत. कार्ल फेर्डिनांट ब्राउन या जर्मन भौतिकीविज्ञांनी १८९७ मध्ये तिचा आद्य प्रकार तयार केला. तीत इलेक्ट्रॉन शलाका काचेच्या आतील लेपावर आदळून प्रकाश निर्माण होतो. आयनद्रायू (प्लाझ्मा) पटलात वायूतील विद्युत् विसर्जनाने निर्माण झालेले जंबुपार किरण अशाच लेपाला उजळतात. या पटलांचे उत्पादन २०१४ च्या सुमारास बहुतांशी थांबले.

द्रव स्फटिक (एलसीडी) पटलातील स्फटिक स्वयंप्रकाशी नसतात. विद्युत् दाबानुसार ते मागील दिव्याच्या प्रकाशाचे ध्रुवण बदलतात व त्यामुळे ध्रुवकातून कमीअधिक प्रकाश बाहेर पडतो. ‘एलईडी’ व ‘क्यूएलईडी’ या नावांनी विकले जाणारे ग्राही सामान्यतः याच प्रकारचे असतात. फरक मुख्यत्वे मागील प्रकाशयोजनेत असतो. ही पटले उजेडाच्या खोलीत चांगली दिसतात. परंतु थोडा प्रकाश झिरपत असल्याने काळा रंग काहीसा करडा भासतो. कार्बनी प्रकाश-उत्सर्जक (ओएलईडी) पटलात प्रत्येक चित्रघटक स्वयंप्रकाशी असून तो पूर्णपणे विझविता येतो. त्यामुळे काळा रंग गडद दिसतो व बाजूने पाहिले तरी रंग फारसे बदलत नाहीत. मात्र एकच स्थिर चित्र दीर्घकाळ ठेवल्यास त्याची खूण कायम राहण्याचा संभव असतो.

विभेदन : आडव्या व उभ्या चित्रघटकांच्या संख्यांनी ते दर्शवितात. ‘फुल एचडी’ पटलात १,९२० × १,०८० म्हणजे सु. २०·७ लक्ष, तर ‘४के’ पटलात ३,८४० × २,१६० म्हणजे सु. ८३ लक्ष चित्रघटक असतात. निरोगी डोळ्याला साधारणपणे एक कला (अंशाचा साठावा भाग) इतक्या कोनाने विलग असलेले बिंदू वेगळे दिसतात. १०९ सेंमी. (४३ इंची) पटलाची रुंदी सु. ९५ सेंमी. असते, म्हणून ‘फुल एचडी’मध्ये एका चित्रघटकाची रुंदी सु. ०·५ मिमी. येते. सु. १·७ मी.पेक्षा अधिक अंतरावरून असे घटक सुटे दिसत नाहीत. अर्थात ३ मी. अंतरावर बसणाऱ्यास या आकारात ‘४के’मधील वाढीव तपशील जवळजवळ जाणवणार नाही. १४० सेंमी. (५५ इंची) पटलासाठी ही मर्यादा सु. २·२ मी. असते.

मूळ चित्रणात नसलेला तपशील पटल निर्माण करू शकत नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हा ६२५ रेषांची पद्धती होती व त्यांपैकी ५७६ रेषांतच प्रतिमा असे. असे जुने कार्यक्रम ‘४के’ पटलावर दाखविताना रिकामे चित्रघटक गणिताने भरले जातात. प्रतिमा मोठी होते, पण अधिक तपशीलवार होत नाही. म्हणून खोलीतील अंतर, उजेड व नेहमी पाहिले जाणारे कार्यक्रम हे प्रथम विचारात घेऊन मगच चित्रघटकांच्या संख्येसाठी जादा खर्च करणे इष्ट ठरते.